द्राक्षबाग, घट्टे पडलेली बोटं आणि टचपेन: एक प्रकरण अभ्यास

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार. वय ५८, बाग अडीच एकर, छाटणीपासून विरळणीपर्यंत बरंचसं काम स्वतःच्या हाताने. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून इथेही नानाच म्हणू. फोन साडेसहा इंची, मध्यम किमतीचा अँड्रॉइड, दोन वर्षं वापरलेला. डिसेंबरच्या सुरुवातीला तक्रार सुरू झाली. "बोट लागतच नाही. चारदा दाबावं तेव्हा एकदा उघडतं, आणि उघडतं ते भलतंच." मुलगा म्हणाला, "नाना, टचपेन मागवू." सुनेचं मत पडलं की फोनच बदलावा. तेव्हा प्रश्न असा होता: तीनेकशे रुपयांच्या पेनाने हे दुखणं जाईल का, आणि जाणार असेल तर बाजारात मिळणाऱ्या पन्नास प्रकारांतलं नेमकं कुठलं पेन घ्यायचं?

पेन शेवटी उपयोगी पडलं. पण ज्या कामासाठी ते मागवायचं ठरलं होतं, त्या कामाला त्याची गरजच नव्हती. ते कसं, हे क्रमाने बघू.

नानांना फोन कशासाठी लागतो

नाना फोनवर व्हिडिओ फारसे बघत नाहीत. त्यांची कामं ठरलेली आहेत. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंद ठेवावी लागते: तारीख, औषध, मात्रा, पाणी किती, प्लॉट कोणता, काढणीला किती दिवस बाकी. पूर्वी नुसती वही होती, आता वहीबरोबर फोनमधल्या तक्त्यातही आकडे भरले जातात. दुसरं काम म्हणजे पानांचे आणि घडांचे फोटो काढून सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पाठवणं. तिसरं हंगामातून एकदाच येतं, पण डोकं खातं: ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमध्ये शेतकऱ्याने स्वतः गट क्रमांक निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचं आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. एक एकर म्हणजे साधारण ४० आर, म्हणजे ०.४० हेक्टर. दशांश चिन्ह एक घर सरकलं की ०.४० चे ४.० होतात.

यातली बहुतेक कामं आकडे भरण्याची आणि नेमक्या जागी टेकवण्याची आहेत. फवारणीच्या नोंदीत २ ग्रॅमच्या जागी २२ पडले किंवा जिब्रेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) जागी १०० पडले, तर ती नुसती लिहिण्यातली चूक राहत नाही. पुढचा हिशेब याच नोंदीवर बसतो. त्यामुळे "बोट लागत नाही" ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

बोट का लागत नाही

आजच्या फोनची काच दाब ओळखत नाही. काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते, पट्ट्यांमधलं अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर. या जाळीत बारीकसं विद्युतक्षेत्र सतत खेळतं असतं. माणसाचं शरीर आतून ओलं आणि खारं, म्हणून वाहक. बोट काचेला टेकलं की त्या क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे ओढला जातो. फोनमधली चिप ही घट मोजते आणि ठरवते की इथे स्पर्श झाला. घट पुरेशी नसली तर ती तिला गोंगाट समजून सोडून देते. जोराने दाबल्याने होतं ते एवढंच की बोटाचं पेर जरा पसरतं आणि जास्त जागा व्यापतं. चिपला जोर कळत नाही.

जुने दाबावर चालणारे पडदे वेगळे होते. २००८ साली आलेल्या नोकिया ५८०० सारख्या फोनवर नख चालायचं, काडी चालायची, मागच्या बाजूला खोचलेलं प्लॅस्टिकचं पेनही चालायचं. तो अनुभव डोक्यात असलेली माणसं आजच्या फोनवरही काडी लावून बघतात. नानांनीही काड्यापेटीची काडी लावून पाहिली होती. ती चालणं शक्यच नव्हतं, कारण कोरडं लाकूड वाहक नाही.

आता नानांचा हात. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांवर कात्रीचे घट्टे आहेत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फेलफूट, म्हणजे नको असलेले फुटवे, काढणं, विरळणी. वर्षातले कितीतरी दिवस कात्री त्याच दोन बोटांवर घासते. घट्टा म्हणजे मेलेल्या, कोरड्या कातडीचा जाड थर. तो वीज वाहत नाही, उलट आतला ओला, वाहक भाग काचेपासून लांब धरून ठेवतो. त्यात निफाडची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा इथे पाच अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली उतरतो, हवा कोरडी होते, बोटांना भेगा पडतात. पावसाळ्यात तेच बोट घामट आणि मऊ असतं, म्हणून तेव्हा काही वाटत नाही. तक्रार डिसेंबरातच का सुरू झाली, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर फोनवर चिकटवलेलं होतं.

तपासणी

टचपेन मागवण्याआधी चार गोष्टी तपासायच्या असतात आणि त्यांना अर्धा तासही लागत नाही.

पहिली, चार्जर. फोन चार्जिंगला लावलेला असताना आणि काढलेला असताना वेगवेगळं वागतो का? हलक्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट स्पर्शाच्या मोजणीत मिसळतो. मग बोट न लावता बटणं दाबली जातात किंवा बोट लावूनही दाबली जात नाहीत. नानांच्या फोनमध्ये काही फरक पडला नाही, म्हणजे चार्जरचा दोष नव्हता.

दुसरी गोष्ट, पडदा खरोखर सगळीकडे चालतो का. त्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टेकवायचं. डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यांत ‘पॉइंटर स्थान’ चालू केलं की बोट फिरेल तिथे पडद्यावर रेघ उमटते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर आडव्या रेघा मारत खाली यायचं. बरेचसे सॅमसंग फोन डायलरवर *#०*# टाकलं की चाचणीचा पडदा उघडतात, तिथे ‘टच’ निवडायचं. तपासणी झाली की डेव्हलपर पर्याय आठवणीने बंद करावेत, कारण ते चालू असले तर बँकांची काही ॲप उघडायला नकार देतात.

नानांच्या फोनवर कडांजवळ रेघ अखंड आली, मध्ये मात्र तुटक. जाळीतली पट्टी खराब असती तर एकाच सरळ पट्ट्यात रेघ तुटली असती. इथे तुटलेल्या भागाला सरळ आकार नव्हता. अंडाकृती डाग असावा तसा तो पसरला होता, आणि त्याच जागी स्क्रीनगार्ड उजेडात तिरका धरला की तेलकट इंद्रधनुष्यी वलयं दिसत होती. गार्ड फक्त कडांना गोंद असलेला होता. मधे गोंद नाही, म्हणजे मधे हवा.

हवेचा हा थर किती महाग पडतो, त्याचं गणित सोपं आहे. विद्युतक्षेत्र काचेतून जितक्या सहज जातं तितकं हवेतून जात नाही. या सहजतेचा काचेचा गुणांक साधारण ७, हवेचा १. म्हणजे ०.१ मिलिमीटरची हवेची फट ही ०.७ मिलिमीटर जादा काचेसारखी वागते. गार्डची स्वतःची जाडी ०.३३ मिलिमीटर. म्हणजे फटीचा भार गार्डच्या दुप्पट. ऐंशी-शंभर रुपयांत गार्ड लावून देणाऱ्याने काच खोटी दिली असं नाही, त्याने गोंद कुठे आहे हे सांगितलं नाही, एवढंच.

तिसरी तपासणी, गार्ड काढून उघड्या काचेवर. रेघ जवळजवळ सगळीकडे जोडली गेली. तरी उजव्या तर्जनीने बटणं अधूनमधून चुकतच होती.

चौथी, बोट बदलून. डाव्या हाताची करंगळी, जिच्यावर घट्टा नाही, तिने तीच बटणं टेकवली. एकही चुकलं नाही. मग उजवी तर्जनी ओल्या फडक्यावर टेकवून, पुसून लगेच लावली. तीही चालली. म्हणजे कारण पक्कं झालं: कोरडा घट्टा आणि त्यावर गार्डची हवा. दोन्ही एकत्र आल्यावर चिपला बोट दिसत नव्हतं.

पेन घेण्याआधी एक पाचवी चाचणीही करावी, कारण तिला खर्च नाही. कानातली कापसाची काडी घ्या. तिच्या दांडीला ॲल्युमिनियम फॉइलची साधारण ५ बाय १० सेंटिमीटरची पट्टी घट्ट गुंडाळा, अशी की फॉइलची कड कापसाला भिडलेली असेल. कापसावर पाण्याचे दोन थेंब. फॉइल बोटांत धरून कापूस पडद्यावर टेकवा. फोन याला स्पर्श मानतो. तुमच्या हातात, तुमच्या गार्डवर ही काडी चालली तर धातूच्या दांडीचं साधं पेन चालेलच, आणि काडी चालली नाही तर दोष हाताचा नाही. फक्त पाणी जास्त घेऊ नका, काचेवर ओलसर पट्टा राहिला तर तोच स्पर्शासारखा वागतो. नानांकडे ही काडी चालली.

पेनाशिवाय जे सुटलं

पूर्ण पृष्ठभागावर गोंद असलेला नवा गार्ड लावला. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या भागात ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असा पर्याय असतो, काही फोनांत त्याला ‘ग्लव्ह मोड’ म्हणतात. तो चालू केला. तो चालू असला की चिप कमी घट झाली तरी तिला स्पर्श मानते. डिस्प्ले साइझ एक पायरी वाढवली, म्हणजे नुसती अक्षरं नव्हे तर बटणंही मोठी झाली. पुष्कळ जण फक्त फॉन्ट मोठा करतात आणि बटणं तेवढीच राहतात, मग नेम चुकतो तो चुकतोच. कीबोर्डची उंची वाढवली आणि वर आकड्यांची कायमची रांग घेतली. ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ वेळ मध्यमवर नेला, कारण बोट लागलं की नाही या शंकेने नाना ते जास्त वेळ दाबून धरायचे आणि मग भलताच मेनू उघडायचा. "उघडतं ते भलतंच" या वाक्याचा उलगडा हा होता.

एवढ्यावर फोन उचलणं, यूपीआयचा पिन, हवामान बघणं, ई-पीक पाहणीतली यादी उघडणं हे सगळं साध्या बोटाने जमू लागलं. रात्री झोपताना बोटांना पाण्याचा अंश असलेलं साधं मॉइश्चरायझर लावायचंही ठरलं. नुसतं व्हॅसलीन चोळून लगेच फोन हातात घेतला तर काचेवर तेलकट थर चढतो आणि अजूनच घोळ होतो.

इथपर्यंत पेनावर एक रुपयाही खर्च झालेला नव्हता. टचपेन शोधणाऱ्या बऱ्याच जणांचं काम खरं तर इथेच संपतं, आणि दुकानदाराने पेन पुढे करण्याआधी गार्ड बघितला पाहिजे.

पान, ठिपका आणि पेनाचं टोक

मग उरलं काय? फोटोवर खूण करणं.

डाऊनी या बुरशीजन्य रोगाची सुरुवात पानाच्या वरच्या बाजूला तेलकट, पिवळसर ठिपक्याने होते. पान उलटलं की त्याच जागी खाली पांढरी बुरशी दिसते. भुरी हा रोग वेगळा, त्यात राखेसारखी भुकटी दिसते. फोटोत पान सात-आठ सेंटिमीटरचं दिसतं आणि त्यावरचा संशयास्पद ठिपका जेमतेम तीन मिलिमीटर. त्याच्या शेजारी औषधाचा वाळलेला डाग असतो, बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा, निळसर शिंतोडा असतो, कोळी किडीने रस शोषलेली जागा असते. सल्लागाराला विचारायचंय ते नेमक्या एका ठिपक्याबद्दल. व्हॉट्सॲपमध्ये फोटो निवडल्यावर वर पेन्सिलचं चिन्ह येतं, ते घेऊन त्या ठिपक्याभोवती गोल काढायचा.

बोटाने हा गोल काढून बघा. बोटाचं पेर सेंटिमीटरभर रुंद आहे, तीन मिलिमीटरचा ठिपका त्याखाली पूर्ण झाकला जातो. माणूस अंदाजाने बोट फिरवतो, बोट उचलतो, तेव्हा कळतं की गोल शिंतोड्याभोवती पडलाय. परत मागे, परत गोल. फोटो मोठा करून काढला तर ठिपका सापडतो, पण पान कुठलं, ठिपका शिरेजवळ आहे की कडेला, हे फोटोतून निघून जातं. आणि सल्लागाराला तेच हवं असतं.

पारदर्शक चकतीच्या टोकाचं पेन इथे आपली किंमत वसूल करतं. चकतीतून खालचा ठिपका दिसत राहतो, मधल्या बारीक टोकाभोवती रेघ उमटते. हात टेबलावर, फोन टेबलावर, आणि गोल पहिल्याच फेरीत ठिपक्याभोवती. कोरड्या घट्ट्याचा प्रश्नही आपोआप मिटतो, आणि त्याचं कारण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. बोट टेकवताना वीज फक्त पेराच्या छोट्याशा घट्टेदार जागेतून जाते. पेन धरताना अंगठा, दोन बोटं आणि अंगठ्याच्या बेचक्यातली मऊ कातडी, असा मोठा भाग दांडीला लागतो. पेन म्हणजे बोटाची लांबी वाढवणारी काठी नव्हे. घट्ट्याला वळसा घालून ते हाताच्या मऊ भागाला काचेपर्यंत पोचवतं.

फोटो पाठवताना एचडीचा पर्याय निवडायला विसरू नये. एरवी व्हॉट्सॲप फोटो आवळून पाठवतं आणि इतक्या निगुतीने खूण केलेला ठिपका पलीकडे धूसर पोचतो.

कुठलं पेन

साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पेनाचं टोक ६ ते ८ मिलिमीटर रुंद असतं आणि त्याला इलाज नाही. जाळीच्या पट्ट्यांमध्येच ४-५ मिलिमीटरचं अंतर असल्यामुळे त्याहून बारीक साधं टोक चिपला दिसतच नाही. बॉलपेनसारखं बारीक टोक आणि किंमत पन्नास रुपये, अशी जाहिरात दिसली की पुढे जावं.

रबराच्या घुमटीचं पेन सर्वांत स्वस्त, पन्नास ते दीडशेत मिळतं. नवीन असताना चालतं, मग रबर काचेवर अडकत चालतं, उन्हात तडकतं, दाबावं लागतं. घुमटीखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणजे बोटाचा दोष यातही आहेच. वाहक धाग्यांच्या जाळीचं टोक याहून बरंच चांगलं. ते सरकतं हलकं, टिकतं जास्त, आणि टेकवण्याच्या कामाला उत्तम. पारदर्शक चकती नेमकेपणाला उत्तम, पण नाजूक. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला चकती आणि तिच्यावर टोपण अशी जोड पेनं साधारण दोनशे ते चारशेत मिळतात. नानांसाठी हेच घेतलं. घेताना पाहिलं ते इतकंच: दांडी धातूची आहे, हात जिथे धरतो तिथे रबराची किंवा जाड रंगाची मूठ नाही, टोकं आट्यांची असून बदलता येतात, आणि सोबत दोन-तीन जादा चकत्या आहेत. मूठ रबराची असली तर हात आणि टोक यांच्यातला वाहक रस्ताच तुटतो.

याच्या वर बॅटरीची पेनं. टोक दीड-दोन मिलिमीटरचं, कारण आतलं सर्किट स्वतः संकेत तयार करून चिपला मोठ्या बोटाचा भास करून देतं. लिहिण्यासाठी छान, पण चार्ज करावं लागतं. खरेदीतली सर्वांत मोठी फसगत इथेच होते. ‘आयपॅडसाठी’ म्हणून विकली जाणारी, तळहात दुर्लक्षित करणारी पेनं फोनवर उमटतच नाहीत, ती आयपॅडच्या भाषेत बोलतात. ॲपल पेन्सिलही आयफोनवर चालत नाही. सॅमसंगचं एस पेन तर वेगळ्याच जातीचं आहे. २०११ च्या गॅलेक्सी नोटपासून त्यासाठी पडद्याखाली निराळा थर असतो, पेन त्या थरातून चुंबकीय ऊर्जा घेतं. तो थर नसलेल्या फोनवर एस पेन म्हणजे प्लॅस्टिकची काडी. ज्याला रोज पानंच्या पानं हाताने लिहायची आहेत किंवा चित्रं काढायची आहेत, त्याने पेन आत बसणारा, २०२२ च्या एस२२ अल्ट्राच्या वळणाचा फोन जरूर बघावा. आठवड्यातून दहा फोटोंवर गोल काढण्यासाठी तेवढे पैसे घालणं चुकीचं.

आकडे आणि मराठी मजकूर

बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असताना बोलून लिहिणं जमत नाही. घरी बसून जमतं, मराठी वाक्यं ठीक उतरतात, पण मॅन्कोझेब, सायमोक्झॅनिल अशी नावं बोलून लिहवली की काय उतरेल सांगता येत नाही. म्हणून दोन गोष्टी केल्या. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये शब्दकोश, वैयक्तिक शब्दकोश, मराठी असं जाऊन नेहमीच्या दहा-बारा औषधांची नावं एकेका शॉर्टकटसह घातली. ‘मझ’ टाकलं की वरच्या पट्टीत पूर्ण नाव येतं. औषधाच्या नावात चूक होण्याचा प्रश्न यानेच सुटला, पेनाने नव्हे.

दुसरं, मराठी हस्तलेखन. कीबोर्डवरच्या गियरच्या चिन्हातून भाषा, कीबोर्ड जोडा, मराठी, आणि वरच्या रांगेतून हस्तलेखन. मग पृथ्वीच्या गोलाच्या चिन्हाने नेहमीच्या कीबोर्डवरून त्यावर जाता येतं. नानांना कीबोर्डवर जोडाक्षर शोधण्यापेक्षा ‘क्ष’ लिहून टाकणं सोपं. बोटाने लिहिताना मात्र अक्षर एवढं मोठं होतं की चौकटीत दोनच मावतात, कान्याशी वेलांटी भिडते. चकतीने चार-पाच अक्षरांचा शब्द एका दमात मावतो. शब्द लिहायचा, क्षणभर थांबायचं, तो वर उतरला की पुढचा.

इथे एक अडचण हमखास येते. साधं पेन आणि तळहात यांत फोनला फरक कळत नाही. लिहिताना करंगळीची बाजू काचेला टेकली की तोच स्पर्श धरला जातो आणि अक्षराला भलतीच शेपूट फुटते. ‘टच सेन्सिटिव्हिटी’ चालू असली तर हात काचेजवळ आला तरी हे होतं. म्हणून लिहायला बसताना तो पर्याय बंद. फोन टेबलावर सपाट, करंगळी कव्हरच्या कडेवर, आणि तरीही हात टेकत असेल तर कोरड्या सुती रुमालाच्या चार घड्या हाताखाली. रुमाल ओलसर नको.

जिथे पेनाचा उपयोग झाला नाही

वर-खाली सरकवणं, म्हणजे फोनवरचं सर्वांत जास्त वेळ चालणारं काम, अंगठ्यानेच बरं होतं. पेन काढा, टोपण काढा, मग सरकवा, यात वेळ जातो. दोन बोटांनी फोटो मोठा करणं एका पेनाने होत नाही, त्यासाठी दोनदा टेकवावं लागतं, तेही सगळ्या ॲपमध्ये चालत नाही. बागेत वेलींच्या ओळीत उभं राहून एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने चकती टेकवायची म्हणजे फोन पडण्याचं निमित्त.

पहाटेचं दव किंवा फवारणीचे तुषार काचेवर असतील तर पेनही हरतं. थेंब स्वतःच क्षेत्र ओढून घेतो. आधी कोरड्या सुती कापडाने पुसणं एवढाच उपाय.

हातमोज्यांचं वेगळं बघायला हवं. साधं पेन जाड रबरी मोज्यातून बहुधा चालत नाही, हाताचा संपर्कच तुटतो. बॅटरीचं पेन बऱ्याचदा चालतं. पण गोडी छाटणीनंतर वेलीच्या काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फूट येते त्या जागांना, हायड्रोजन सायनामाइड लावणं (पेस्टिंग) चालू असताना मोजा घातलेल्या हाताने पेनही धरू नये आणि फोनही. ते औषध विषारी आहे. मोज्यावरून दांडीवर, दांडीवरून खिशात आणि संध्याकाळी नातवाच्या हातात, असा त्याचा प्रवास होतो. नोंद मोजे काढून, साबणाने हात धुऊन करायची.

आणि बोटाचा ठसा. घट्ट्याने झिजलेल्या रेषा फोनचा सेन्सर ओळखत नाही, पेन तिथे काहीच करू शकत नाही. फोनला पिन लावला. डाव्या हाताच्या करंगळीचा ठसा नोंदवून तोही ठेवला.

पेनाची निगा

चकती आणि काच यांच्यात मातीचा एक कण सापडला तरी गार्डवर ओरखडा उठतो. बागेत मातीबरोबर मोरचूद-चुन्याची वाळलेली भुकटीही उडत असते. म्हणून चकतीची बाजू घरातच वापरायची, बागेत टोपण बंद आणि जाळीची बाजू. वापरण्याआधी चकती मऊ कापडाने पुसायची, काचही. चकती ज्या बारीक गोळीवर डुलते ती ढिली झाली की रेघ थरथरते, तेव्हा चकती बदलायची. ती ओढून काढता येते, नवी दाबून बसते.

पेन एक दिवस अचानक बंद पडल्यासारखं वाटलं तर फेकू नका. बहुतेक वेळा टोकाची आटी सैल झालेली असते. टोक आणि दांडी यांच्यात फट पडली की वाहक रस्ता तुटतो आणि दिसायला सगळं जागच्या जागी असतं. टोक हाताने घट्ट पिळायचं. नानांच्या पेनाचं तिसऱ्या आठवड्यात हेच झालं होतं.

पेन आता नोंदवहीच्या दोऱ्याला बांधलेलं असतं, खिशात नाही. एप्रिलची खरड छाटणी उन्हात होते, हाताला घाम असतो, तेव्हा तर्जनी आपली आपण चालू लागेल. त्या दिवसांत ‘टच सेन्सिटिव्हिटी’ बंद करून ठेवायची आहे, नाहीतर घामाने भिजलेल्या खिशात फोन आपोआप चालू होऊन नंबर लावत सुटतो.